पॅट मेथेनीचा '८०/८१' : पाहुणे वादक आणि मागे सरणारा यजमान

मंद्रसप्तक :

जॅझ गिटारवादकाच्या अल्बमवर पाहुणे वादक येतात, तेव्हा बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर नावाजलेला पाहुणा ठरवून दिलेल्या जागी आपला सोलो वाजवून जातो आणि तो नसता तरी रचनेचे फारसे काही बिघडले नसते. नाहीतर पाहुण्यांची इतकी गर्दी होते की अल्बम नेमका कोणाचा, हेच कळेनासे होते. पॅट मेथेनीचा '८०/८१' हा दुहेरी अल्बम या दोन्ही प्रकारांत बसत नाही. तो का बसत नाही, याची सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. माझे म्हणणे असे, की इथल्या रचना ऐकताना त्या या विशिष्ट वादकांचा सूर कानात ठेवूनच लिहिल्या गेल्या असाव्यात असे सतत जाणवते, आणि मेथेनी जिथे आपली गिटार मागे ठेवतो तिथेच तो प्रमुख वादक म्हणून सर्वांत ठळकपणे दिसतो.

ध्वनिमुद्रण २६ ते २९ मे १९८० या चार दिवसांत ऑस्लोच्या टॅलेंट स्टुडिओत झाले. निर्माता ईसीएम या ध्वनिमुद्रण कंपनीचा मानफ्रेड आयशर होता आणि ध्वनिमुद्रक यान एरिक कोंग्सहाउग. मेथेनीचे वय तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. पियानो आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या लायल मेजसोबत त्याने बांधलेला 'पॅट मेथेनी ग्रुप' श्रोत्यांनी उचलून धरला होता आणि 'अमेरिकन गॅरेज' हा त्यांचा अल्बम नुकताच, १९७९ साली, आला होता. त्याच वाटेने आणखी एक सुरेल अल्बम काढणे त्याला सहज शक्य होते. त्याने मात्र कीबोर्ड पूर्णपणे वगळला, डबल बेससाठी चार्ली हेडनला आणि ड्रम्ससाठी जॅक डीजॉनेटला बोलावले, आणि टेनर सॅक्सोफोनवर ड्यूई रेडमन आणि मायकेल ब्रेकर असे दोन वादक घेतले.

ही निवड कागदावर वाचली तरी विलक्षण वाटते. रेडमनचा जन्म १९३१चा, म्हणजे तो मेथेनीपेक्षा तेवीस वर्षांनी मोठा. तो आणि मुक्त जॅझचा प्रणेता मानला जाणारा सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन हे दोघेही टेक्ससमधील फोर्ट वर्थचे, आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धात रेडमन कोलमनच्या वाद्यवृंदात वाजवू लागला. हेडन तर १९५९ पासूनच कोलमनच्या संगीताचा खांब होता. डीजॉनेट ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'बिचेस ब्रू'वर वाजवून आलेला. या तिघांच्या पंगतीत ब्रेकर अगदी वेगळा दिसतो. त्या काळी तो न्यूयॉर्कच्या स्टुडिओंमधला सर्वाधिक मागणी असलेल्या सॅक्सोफोनवादकांपैकी एक होता, भाऊ रँडीबरोबर 'ब्रेकर ब्रदर्स' चालवत होता, आणि गायक पॉल सायमनच्या 'स्टिल क्रेझी आफ्टर ऑल दीज इयर्स'मधला त्याचा सोलो जॅझ न ऐकणाऱ्यांच्याही कानांवर पडलेला होता. मेथेनी आणि ब्रेकर १९७९ साली गायिका जोनी मिचेलच्या दौऱ्यात एकत्र वाजवत होते, त्यामुळे ओळख जुनी नसली तरी एकमेकांचा अंदाज पक्का होता.

आता पहिलीच रचना पाहा. 'टू फोक साँग्ज' जवळजवळ एकवीस मिनिटांची आहे आणि मूळ तबकडीची एक पूर्ण बाजू तिने व्यापली आहे. पहिल्या भागात मेथेनी अकूस्टिक गिटारवर द्रुत लयीत स्ट्रमिंग करतो, म्हणजे सगळ्या तारांवरून हात फिरवत कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवत राहतो. लोकगीत गाणारा गायक स्वतःच्या साथीला गिटार वाजवतो, तसेच हे वाजवणे आहे. जॅझ गिटारवादक आपल्या अल्बमच्या सुरुवातीला जे दाखवू पाहतो, म्हणजे एकेका सुराची चपळ आणि गुंतागुंतीची वाट, त्यातले इथे काहीच नाही. त्या झंकाराखाली डीजॉनेट ठेका धरून बसत नाही, तो प्रत्येक आवर्तनात काहीतरी फोडत, उधळत जातो. आणि या दोघांच्या मधोमध ब्रेकर आधी साधी, मोकळी धून वाजवतो आणि मग हळूहळू सॅक्सोफोनच्या नेहमीच्या पल्ल्याच्या वर, जिथे सूर किंकाळीसारखा होतो, तिथवर पोहोचतो. गिटारची कॉर्ड फारशी हलत नाहीत. ती हलत असती, तर ब्रेकरला प्रत्येक वळणावर त्यांचा हिशोब ठेवावा लागला असता. ती स्थिर आहेत म्हणूनच त्याला इतक्या लांबवर जाता येते. स्टुडिओतल्या कामात ब्रेकरला एरवी सोळा किंवा बत्तीस बार (तालाचे छोटे एकक) मिळत. इथे त्याला कोणीतरी अख्खे मैदान मोकळे करून दिले आहे.

कीबोर्ड नसण्याचा परिणामही मला महत्त्वाचा वाटतो. पियानो असला की सुरांच्या मधली जागा तो भरून काढतो आणि सोलो वाजवणाऱ्याला पायाखाली जमीन मिळते. इथे ती जबाबदारी फक्त गिटार आणि बेसवर आहे, आणि गिटार अनेकदा गप्प राहते. त्यामुळे दोन्ही टेनर अगदी उघडे पडतात. त्यांचा श्वास, सुराची कड, सूर संपवण्याची पद्धत, हे सगळे ऐकू येते.

हा अल्बम ज्यांनी ऐकला आहे त्यांनी आपापली मते जरूर मांडावीत. विशेषतः 'ओपन' या चौदा मिनिटांच्या मुक्त रचनेबद्दल इतरांना काय वाटते, ते वाचायला मला आवडेल.

खर्ज :

'टू फोक साँग्ज'बद्दल तुम्ही ब्रेकरच्या अंगाने लिहिले आहे, मी हेडनच्या अंगाने थोडी भर घालतो, कारण त्या रचनेचा दुसरा भाग हेडनचा आहे आणि पहिल्या भागाचा अर्थही मला त्यातूनच लागतो.

दुसऱ्या भागाला 'ओल्ड जो क्लार्क' या जुन्या अमेरिकन लोकगीताचा आधार आहे. हेडनचा जन्म आयोवा राज्यातील शेनँडोआ गावचा, १९३७चा. त्याचे सगळे कुटुंब रेडिओवर कंट्री गाणी गात असे आणि तो स्वतः अगदी लहान वयात त्या कार्यक्रमांत गात होता. १९५९ साली ऑर्नेट कोलमनच्या 'रॅम्बलिन' या रचनेत बेसच्या सोलोची पाळी आली, तेव्हा त्याने त्यात याच 'ओल्ड जो क्लार्क'ची धून गुंफली. ज्या संगीताला त्या वेळी अनेक जण बेसूर, बेताल आणि परंपरा मोडणारे म्हणत होते, त्याच्या ऐन मध्यभागी हेडनने आपल्या घरातले गाणे आणून ठेवले. एकवीस वर्षांनी मेथेनीच्या अल्बमवर तो तेच गाणे पुन्हा हाती घेतो. मेथेनी स्वतः मिझुरी राज्यातील लीज समिटचा, म्हणजे त्याच मध्य अमेरिकेतला. पहिल्या भागातले स्ट्रमिंग या गाण्याकडे नेणारी वाटच आहे, असे मला वाटते. तरुण यजमान आधी आपले लोकगीत मांडतो आणि मग वडीलधाऱ्या पाहुण्याला त्याचे लोकगीत मांडू देतो. श्रेयनामावलीतही पहिले गाणे मेथेनीच्या आणि दुसरे हेडनच्या नावावर आहे.

हेडनच्या वाजवण्याबद्दल एकच निरीक्षण नोंदवतो. तो वेगाच्या मागे कधीच लागत नाही. डबल बेसच्या खालच्या तारांवर मोजके सूर घेतो, प्रत्येक सूर पूर्ण वाजून संपू देतो आणि मगच पुढचा घेतो. ज्या रचनेत ब्रेकर आणि डीजॉनेट दोघेही उसळत आहेत, तिथे हे संथपण टिकवून धरायला फार मोठा आत्मविश्वास लागतो.

अनवट :

मूळ लेखातील बरीचशी निरीक्षणे मान्य आहेत, पण निष्कर्ष पूर्णपणे पटत नाही. यजमानाने मागे सरून पाहुण्यांना पुढे केले, असे म्हणताना एका पाहुण्याला दुसऱ्यापेक्षा बरेच जास्त मिळाले, ही गोष्ट झाकली जाते. ब्रेकरला एकवीस मिनिटांचे 'टू फोक साँग्ज' मिळते आणि तेरा मिनिटांचे 'एव्हरी डे (आय थँक यू)' मिळते. या दोन्ही रचनांत तो एकमेव टेनर आहे. रेडमनला एकट्याने मिळते ती फक्त '८०/८१' ही साडेसात मिनिटांची शीर्षक रचना. बाकी 'द बॅट', 'ओपन' आणि 'प्रिटी स्कॅटर्ड' या तिन्ही रचनांत त्याला जागा वाटून घ्यावी लागते. चौघांमध्ये वयाने सर्वांत ज्येष्ठ, कोलमनच्या परंपरेचा थेट वारस असलेला वादक बोलावायचा आणि अल्बमची दोन सर्वांत मोठी भावनिक शिखरे दुसऱ्याला द्यायची, याला मी समतोल म्हणू शकत नाही.

दुसरा आक्षेप ध्वनीविषयी आहे. ईसीएमच्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक वाद्याभोवती एक विस्तीर्ण अवकाश असतो आणि सूर त्यात विरत जातो. मेथेनीच्या गिटारला ते शोभते. रेडमनचा टेनर मात्र खरखरीत, घोगरा, माणसाच्या बोलण्याच्या अगदी जवळचा आहे. तो जवळून, कोरडा ऐकू यावा असे मला वाटते. त्याला इतक्या स्वच्छ हवेत ठेवले की त्याचा खडबडीतपणा काहीसा घासला जातो.

मंद्रसप्तक :

अनवट, पहिला आक्षेप गंभीर आहे, त्यामुळे आधी दुसऱ्याचे उत्तर देतो. रेडमन ईसीएमसाठी परका नव्हता. पियानोवादक कीथ जॅरेटच्या अमेरिकन चौकडीत तो आणि हेडन एकत्र होते आणि १९७६ साली ध्वनिमुद्रित झालेला त्यांचा 'द सर्व्हायव्हर्स स्वीट' ईसीएमनेच काढला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोलमनच्या जुन्या सहकाऱ्यांनी, म्हणजे रेडमन, डॉन चेरी, हेडन आणि एड ब्लॅकवेल यांनी, स्थापलेल्या 'ओल्ड अँड न्यू ड्रीम्स' या चौकडीचा ईसीएमवरचा पहिला अल्बम ऑगस्ट १९७९ मध्ये याच टॅलेंट स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला होता. म्हणजे '८०/८१'च्या वेळी ती खोली रेडमन आणि हेडनच्या अंगवळणी पडलेली होती. तो अल्बम ऐकला की रेडमनच्या सुराचा घोगरेपणा त्या अवकाशातही शाबूत राहतो, हे लक्षात येते. माझ्या कानाला तर तो तिथे अधिक ठळक वाटतो, कारण भोवती आडोसा घ्यायला काहीच नसते.

पहिल्या आक्षेपाबद्दल : मिनिटे मोजली तर तुमचे बरोबर आहे. पण शीर्षक रचना रेडमनकडे जाणे मला सूचक वाटते. '८०/८१'ची धून कोलमनच्या वळणाची आहे. ती झटकन वाजून संपते, अर्ध्यावर तुटल्यासारखी वाटते, आणि पुढचा सोलो कोणत्या कॉर्डवर उभा राहायचा हे सांगत नाही. ते सोलो वाजवणाऱ्याने स्वतः ठरवायचे असते. रेडमन ते ज्या सहजतेने ठरवतो, ती सहजता अनेक वर्षांच्या सहवासातून येते. ब्रेकरच्या वाट्याला आलेल्या दोन्ही रचना लांब पल्ल्याच्या, मोठ्या भरतीच्या आहेत आणि त्या त्याच्या फुफ्फुसांच्या ताकदीला साजेशा आहेत. रेडमनला तेरा मिनिटांचे बॅलड (संथ, भावपूर्ण रचना) दिले असते, तर न्याय झाला असता की गैरसोय, याबद्दल मला खात्री नाही.

तबकडीप्रेमी :

हा अल्बम दोन तबकड्यांच्या चार बाजूंवर ऐकण्यासाठी रचलेला आहे, आणि पाहुण्यांच्या वाटपाचा प्रश्न त्या चार बाजू समोर ठेवल्या की बराच सुटतो, असा माझा अनुभव आहे. आज सलग फाइल ऐकताना ही रचना हरवते, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या बाजूवर फक्त 'टू फोक साँग्ज' आहे. त्यात मेथेनी, हेडन, डीजॉनेट आणि ब्रेकर आहेत, रेडमन कुठेच नाही. तबकडी उलटली की पहिला सूर येतो तो रेडमनसह '८०/८१'चा. म्हणजे एका पाहुण्याला एक पूर्ण बाजू ऐकून झाल्यावर, श्रोता स्वतः उठून तबकडी उलटतो आणि दुसरा पाहुणा दाखल होतो. त्यापाठोपाठ 'द बॅट'मध्ये हे दोघे प्रथमच एकत्र येतात, तेही स्पर्धेसाठी नाही. संथ, ठाम ठेका नसलेल्या या रचनेत दोन टेनर एकाच धुनेभोवती एकमेकांना सांभाळत जातात. आणि त्याच बाजूची शेवटची रचना 'टर्नअराउंड' आहे, ज्यात दोघेही नाहीत. दोघे पाहुणे एकेकटे आले, एकत्र आले, आणि मग गिटार, बेस आणि ड्रम्स एवढेच उरले.

तिसरी बाजू पूर्णपणे पाचही जणांची आहे. 'ओपन'मध्ये रचनाकार म्हणून पाचही नावे आहेत, शेवटची धून तेवढी मेथेनीची आहे. तिच्यानंतर 'प्रिटी स्कॅटर्ड'. मुक्त वादनाला अल्बमच्या सुरुवातीला न ठेवता तिसऱ्या बाजूवर ठेवणे हा मला फार विचारपूर्वक घेतलेला निर्णय वाटतो, कारण तोपर्यंत श्रोत्याला प्रत्येकाचा आवाज ओळखीचा झालेला असतो आणि 'ओपन'मधल्या गलबल्यातही कोण बोलत आहे हे समजते. चौथ्या बाजूवर 'एव्हरी डे' आणि त्यानंतर चार मिनिटांची 'गोइंग अहेड' आहे, जिच्यात मेथेनीच्या गिटारशिवाय दुसरे कोणीच नाही.

आता या क्रमात रेडमनचे स्थान पाहा. मिनिटे कमी असली तरी मधल्या दोन्ही बाजू त्याच्यावर तोलल्या आहेत. एकूण ऐंशी मिनिटांच्या अल्बममध्ये कडेच्या बाजू ब्रेकरच्या आणि गाभा रेडमनचा, अशी ही मांडणी आहे. ईसीएमच्या यादीत या अल्बमचा क्रमांक ११८०/८१ आहे, हेही जाता जाता नोंदवतो.

नवश्रोता :

मी जॅझ अलीकडेच ऐकू लागलो आहे आणि हा धागा वाचून अल्बम ऐकला. 'एव्हरी डे' पहिल्यांदा ऐकतानाच आवडली, पण 'प्रिटी स्कॅटर्ड'मध्ये दोन टेनर कधी बदलतात हेच मला कळत नाही. ते ओळखण्याची काही खूण असेल, तर कृपया जाणकारांनी सांगावी. 'ओपन'मधून मी मध्येच बाहेर पडलो, हेही सांगतो. ती कशी ऐकावी?

मंद्रसप्तक :

नवश्रोता, प्रश्न अगदी योग्य आहे. खूण सुरांच्या संख्येत शोधू नका, सुराच्या सुरुवातीत आणि शेवटात शोधा.

ब्रेकरचा सूर सुरू होतो तो थेट, धारदार आणि ठरलेल्या उंचीवरच. सूर घेताना तो चाचपडत नाही. त्याची वाक्ये लांब असतात, प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतो, आणि चढत जाताना तो एकच आकृती थोडी थोडी वर सरकवत नेतो, त्यामुळे ताण वाढतो. रेडमनचा सूर अनेकदा किंचित खालून सरकत येतो, मध्ये जाड होतो आणि शेवटी हवेत मिसळून जातो. त्याची वाक्ये छोटी असतात, एखादा माणूस बोलता बोलता थांबून विचार करतो तशी. शिवाय सॅक्सोफोनमध्ये फुंकत असतानाच गळ्यातूनही आवाज काढण्याची त्याची एक प्रसिद्ध लकब आहे. त्याने ती वापरली की वाद्याचा आणि माणसाचा असे दोन आवाज एकमेकांवर घासले जातात. ती लकब एकदा कानात बसली की मग चुकणे कठीण. ती 'न्यूयॉर्क इज नाऊ!' या कोलमनच्या अल्बमच्या काळापासून रेडमनची ओळख मानली जाते, म्हणून शक्य असेल तर तिथेही ऐकावी.

प्रथम शीर्षक रचना दोन-तीनदा ऐका, तिथे फक्त रेडमन आहे. मग 'एव्हरी डे' ऐका, तिथे फक्त ब्रेकर आहे. त्यानंतर 'द बॅट'. ती संथ असल्यामुळे दोघे शेजारी शेजारी नीट दिसतात. 'प्रिटी स्कॅटर्ड' त्यानंतरच. आणि 'ओपन' ऐकताना धून शोधू नका. पाचपैकी एकच वाद्य धरा, शक्यतो डीजॉनेटचे ड्रम्स, आणि बाकीचे त्याच्या बदलांना काय उत्तर देतात तेवढेच पाहा. डीजॉनेट स्वतः उत्तम पियानोवादकही होता आणि त्याच्या ड्रम्समध्ये उंच-खोल स्वरांची जाण सतत जाणवते. झांजांच्या आवाजातले छोटे फरकही तो वाक्यासारखे वापरतो.

अनवट :

तबकडीप्रेमी, चार बाजूंची मांडणी मी या दृष्टीने पाहिली नव्हती, आणि गाभा रेडमनचा आहे हे म्हणणे मला विचार करायला लावणारे आहे. तरी माझा आग्रह थोडा बदलून मांडतो. पाहुण्यांना बोलावणाऱ्या यजमानाची खरी परीक्षा पाहुणे नसताना होते, म्हणून माझ्या मते या अल्बमचा कळीचा मुद्दा 'टर्नअराउंड' हा आहे.

'टर्नअराउंड' ही ऑर्नेट कोलमनची बारा बारची ब्लूज रचना, १९५९च्या 'टुमॉरो इज द क्वेश्चन!' या अल्बमवरची. त्या अल्बमवर हेडन नव्हता, तिथे बेसवर पर्सी हीथ आणि रेड मिचेल होते, त्यामुळे हेडनला इथे आपल्याच जुन्या वादनाची सावली सांभाळावी लागत नाही. आणि गटात कोलमनचा थेट सहकारी रेडमन हजर असताना, त्याला बाजूला बसवून मेथेनी कोलमनची रचना फक्त तिघांत वाजवतो. वरवर पाहता हा उद्धटपणा वाटेल. ऐकल्यावर तो तसा वाटत नाही. गिटारचा सूर गोल आणि मऊ आहे, वाजवणे निवांत आहे, आणि ब्लूजच्या बारा बारांची चौकट तो कोलमनप्रमाणेच कधी पाळतो तर कधी ताणतो. कोलमनच्या सुरुवातीच्या संगीतात पियानो क्वचितच होता आणि गिटारही फारशी नव्हती. सॅक्सोफोनचे बोलणे गिटारवर कसे आणायचे, याचे उत्तर मेथेनी इथे रेडमनच्या उपस्थितीत देतो. १९७६ साली आलेल्या 'ब्राइट साइझ लाइफ' या त्याच्या पहिल्या अल्बमवरही कोलमनच्या दोन रचना जोडून वाजवलेल्या होत्या, त्यामुळे हे आकर्षण तात्पुरते नव्हते हे उघड आहे.

म्हणून माझे म्हणणे असे : तो मागे सरतो हे खरे, पण तो आपल्या पाहुण्यांच्या भाषेत स्वतः बोलू शकतो हे 'टर्नअराउंड'ने सिद्ध झाले म्हणूनच त्या मागे सरण्याला वजन आहे. ते नसते, तर तो केवळ नावाजलेल्या लोकांना जमवणारा हौशी तरुण ठरला असता.

खर्ज :

अनवट यांच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि पुढच्या काळातल्या घटनाही त्याला पुष्टी देतात. १९८३ मध्ये मेथेनीने हेडन आणि ड्रमवादक बिली हिगिन्स यांच्यासोबत 'रिजॉइसिंग' ध्वनिमुद्रित केला, आणि १९८५ साली प्रत्यक्ष ऑर्नेट कोलमनबरोबर 'साँग एक्स' केला, ज्यात हेडन आणि डीजॉनेट दोघेही होते. हेडनशी असलेले नाते पुढे 'बियॉन्ड द मिझुरी स्काय' या १९९७ साली आलेल्या दोघांच्याच अल्बमपर्यंत गेले.

ब्रेकरची हकीकत मला अधिक हृद्य वाटते. इतकी वर्षे शेकडो लोकांच्या ध्वनिमुद्रणांवर वाजवूनही त्याच्या एकट्याच्या नावाचा पहिला अल्बम आला तो १९८७ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. त्यावर पियानोला केनी कर्कलंड, आणि बाकी तिघे कोण? मेथेनी, हेडन आणि डीजॉनेट. 'टू फोक साँग्ज'मधले चौघे जसेच्या तसे, फक्त यजमान आणि पाहुणा यांची अदलाबदल झालेली. आणि ऑगस्ट २००६ मध्ये, रक्ताच्या गंभीर आजाराशी झुंजत असताना ब्रेकरने आपला शेवटचा अल्बम 'पिल्ग्रिमेज' ध्वनिमुद्रित केला, तेव्हाही गिटारवर मेथेनी होता आणि ड्रम्सवर डीजॉनेट. रेडमन सप्टेंबर २००६ मध्ये गेला आणि ब्रेकर जानेवारी २००७ मध्ये. पाच महिन्यांच्याही आत हे दोन्ही टेनर गेले.

तबकडीप्रेमी :

इथे एक तुलना मांडावीशी वाटते. गिटारवादकांच्या पाहुणे-अल्बमचा आणखी एक उत्तम नमुना म्हणजे जिम हॉलचा १९९५ सालचा 'डायलॉग्ज'. त्यावर बिल फ्रिझेल, माइक स्टर्न, जो लोवानो, टॉम हॅरेल आणि गिल गोल्डस्टीन असे पाहुणे आहेत, आणि नावाप्रमाणेच हॉल एकेकाशी स्वतंत्र संवाद साधतो. तिथला आनंद वेगळा आहे. पाहुणा बदलला की यजमानही थोडा बदलतो आणि हॉलच्या स्वभावाच्या निरनिराळ्या कडा दिसतात. '८०/८१'मध्ये मात्र पाहुणे एकमेकांनाही भेटतात. ब्रेकर रेडमनला ऐकत वाजवतो. न्यूयॉर्कच्या स्टुडिओंमध्ये घडलेला वादक कोलमनच्या परंपरेतल्या ज्येष्ठाशेजारी उभा राहून 'ओपन'सारखी मुक्त रचना वाजवतो, तेव्हा त्याच्या वाजवण्यातला नेहमीचा नेटकेपणा काही क्षण सुटतो आणि तो धोका पत्करताना ऐकू येतो. एकेका पाहुण्याला स्वतंत्र बोलावून हे घडले नसते.

'द बॅट' ज्यांना आवडली, त्यांनी १९८२ सालच्या 'ऑफरॅम्प'वरील 'द बॅट, पार्ट टू' आवर्जून ऐकावी. तो 'पॅट मेथेनी ग्रुप'चा अल्बम आहे, त्यामुळे दोन टेनर नाहीत आणि लायल मेजची वाद्ये आहेत. धून तीच असूनही तिथे ती एका विस्तीर्ण पडद्यासारखी पसरते. ऑस्लोच्या आवृत्तीत ती दोन माणसांच्या श्वासावर उभी आहे. पाहुणे वादक रचनेत नेमके काय बदलतात, हे दाखवण्यासाठी याहून चांगली जोडी मला माहीत नाही.

नवश्रोता :

सांगितल्याप्रमाणे शीर्षक रचना, 'एव्हरी डे' आणि 'द बॅट' या क्रमाने ऐकले. 'द बॅट'मध्ये दोघे वेगळे ओळखता आले. 'ओपन' ड्रम्स धरून शेवटपर्यंत ऐकली आणि शेवटची धून आली तेव्हा ती कुठून निघाली हे कळल्यासारखे वाटले. आता 'टर्नअराउंड'पाशी थांबलो आहे. ही रचना इतर गिटारवादकांनी किंवा मेथेनीनेच आणखी कुठे वाजवली आहे का?

अनवट :

आहे, आणि या धाग्याशी तिचा अगदी जवळचा संबंध आहे. ड्यूई रेडमनचा मुलगा जोशुआ रेडमन हाही टेनर सॅक्सोफोनवादक. १९९३ साली त्याचा 'विश' हा अल्बम आला. त्यावर त्याचे सहवादक पॅट मेथेनी, चार्ली हेडन आणि बिली हिगिन्स हे आहेत, आणि अल्बमची पहिलीच रचना 'टर्नअराउंड' आहे. ऑस्लोमध्ये वडील जिच्यात वाजवत नव्हते, ती रचना तेरा वर्षांनी मुलगा त्याच गिटारवादकासोबत आणि त्याच बेसवादकासोबत वाजवतो. इथे मेथेनी पाहुण्याच्या जागी आहे आणि सूत्रे विशीतल्या तरुणाच्या हाती आहेत. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐका, आणि दुसरीत सॅक्सोफोन पुढे असताना गिटार काय करते, यावर विशेष लक्ष ठेवा.